ज्वारी पुरली

अकोला,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

प्रभूमध्ये प्रिय सुभद्राकाकूंना,

कुलदीपचा येशूच्या नावानं सलाम. पास्टरकाकांनाही माझा सलाम सांगा, पण उजव्या बाजूनं जाऊन सांगा, डाव्या कानानं त्यांना आता कमी ऐकू येतं असं अमोल म्हणत होता. अमोलला माझं प्रेम.

इकडे सगळे ठीक. आमची आकांक्षा तिसरीत गेली, सतराच्या पाढ्यावर अजून अडकते. रागिणीचा गुडघा बराच बरा आहे. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, त्यामुळे दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागलेली असते. रोज आठ-दहा उघडतो. हात कामात असले म्हणजे दिवस जातो.

तुम्ही पाठवलेली पत्रिका मिळाली. रविवार १४ डिसेंबर, कापणीचा सण. वर ठळक अक्षरांत 'ज्वारी पुरली' आणि त्याखाली 'साक्ष देणार बंधू कुलदीप तायडे'. घरोघरून मूठमूठ ज्वारी जमवून वेदीपुढे रास घालणार, तेही वाचलं. आणि जानेवारीत तिकडे दक्षिण सुदानला निघणाऱ्या अकरा जणांची नावं. पहिलंच नाव तुमच्या अमोलचं. नावांखाली लिहिलंय की ही तुकडी काकांसारखीच सोबत काही न घेता जाईल. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

श्यामला मी मारलं हे तुमच्या कानावर आलंच असेल. अमरावतीपर्यंत बातमी जायला असा कितीसा वेळ लागतो. कोणी सांगितलं असेल की पंपाच्या उधारीवरून झालं, कोणी म्हणत असेल मी प्यायलो होतो. दोन्ही खोटं. झालं ते असं. परवाच्या रविवारी उपासना सुटली, आम्ही दारात चपला शोधत होतो. श्यामच्या हातात तुमची पत्रिका होती. रागिणीचा धाकटा भाऊ तो, जीवही भाबडा. त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "भाऊजी, ज्वारी पुरली न!" मी वळलो आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. तो पडला. पडल्यावर मी थांबायला हवं होतं. मी त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग अजून एक. चौघांनी मिळून मला ओढलं तेव्हा त्याचे दोन दात फरशीवर पडलेले होते आणि तो रडत विचारत होता, "भाऊजी, मी काय बोललो? मी काय बोललो?"

मारताना मला बरं वाटत होतं, काकू. हे लिहायला लाज वाटते, पण आज मी एकही गोष्ट गाळायची नाही असं ठरवून बसलो आहे.

घरी आल्यावर रागिणीनं माझ्या हातावर हळद लावली आणि विचारलं, "त्याले काहून मारलं? त्या एका शब्दावर तुमी एवढे काहून भडकता? मागं भाकरीचं ताट फेकलं तवाबी मी हेच म्हनत होती, ज्वारी पुरली म्हून." मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचंच तर आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण बायको माझी असली तरी नवरा तुमचा आहे.

फोन करता आला असता. तीनदा केलाही. पण फोनवर तुम्ही पहिल्यांदा 'प्रभूची स्तुती असो' म्हणता, मग काकांच्या कानाला फोन लावता, आणि पलीकडून तो एक शब्द येतो. पुढे मी फोन ठेवून देतो. म्हणून पत्र.

गेल्या वर्षी काकांबरोबर मी तिकडे निघालो तेव्हा काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्याच ओसरीत मी सामान बांधत होतो. मी राजापेठेतून डाळ, तिखट, गुळाची ढेप, लोणच्याच्या बरण्या असं सगळं आणलं होतं आणि काकांनी एकेक वस्तू बाहेर काढून ठेवली. फक्त माझी हातपंपाची हत्यारं राहू दिली. म्हणाले, "कुलदीप, चिंता कायले करतं? रानात लोकायले खायले आभायातून मान्ना पडत होता, तो ज्यानं उद्यासाठी ठेवला त्याच्या मान्न्यात किडे पडले. देव पुरवते न. आजचं आज पुरवते." मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही हसत होता. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला हे पाठच असणार.

आणि खरं सांगायचं तर तो पुरवतही होता. सहा महिने मी डोळ्यांनी पाहिलं. दक्षिण सुदानातल्या त्या गावी मी नऊ हातपंप चालू केले. पंपाचे वायसर संपले तर एका ट्रकवाल्यानं बसायची जुनी चामड्याची गादी दिली, तिचे कापून केले. तेल संपलं त्या दिवशी कोणीतरी फाटकाशी डबा ठेवून गेलं. काका हसायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा आमचा थोमा, याले मोजून दाखवावं लागते." मीही हसायचो. माझा विश्वास बसत चालला होता, हे लक्षात ठेवा काकू, मी ढोंगी म्हणून गेलो नव्हतो.

तिकडे ज्वारीच खातात. तिला ते दुरा म्हणतात, पण दाणा हातात घेतला की डोळे मिटून आपल्या गावी, भातकुलीला गेल्यासारखं वाटतं. एका गावचा पंप दुरुस्त केला तर मुखियानं दोन पोती पाठवली. काकांनी त्याच संध्याकाळी भाकरी थापली. ते लोक भाकरी करत नाहीत, पीठ शिजवून घट्ट गोळा करतात. आमच्या आवाराचा राखणदार लादो चुलीशी बसून पाहत राहिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः थापायला लागला.

लादोबद्दल मी तुम्हाला कधीच काही बोललो नाही. माझ्या साक्षीत तो येत नाही. चाळिशीचा, ताडमाड, समोरच्या दातांत फट. बायको पोनी आणि दोन मुली, आवारातच एका झोपडीत राहायचे. कोठाराची किल्ली त्याच्या गळ्यात असायची. काकांकडून तो आपली बोली शिकला, चार-दोनच शब्द, पण ऐकायला मजा यायची. भाकर, पानी, चाल बे, सांग न. मला तो भाऊ म्हणायचा.

मार्चमध्ये दोन गटांची मारामारी आमच्या गावात आली. आदल्या दिवशीपर्यंत ज्या बाजारात मी नट-बोल्ट घेत होतो तिथं सकाळी प्रेतं पडली होती. आमच्या फाटकासमोर एका माणसाला तिघांनी कोयत्यानं तोडलं, काकू. तो आधी हात जोडत होता, मग जोडायला हात राहिले नाहीत. मी भिंतीच्या फटीतून पाहत होतो आणि काका माझ्या बाजूला गुडघ्यावर होते. ते तिघं गेल्यावर काकांनी उठून फाटक उघडलं आणि ज्याला यायचं त्याला आत घेतलं. दुपारपर्यंत आवारात साठ-पासष्ट लोक झाले. बाया, म्हातारे, पोरं, आणि ज्यांचे भाऊ सकाळी मेले होते असे तरणे गडी.

काकांनी पहिलं पोतं त्याच दिवशी सोडलं. मोजून नाही, ओंजळीनं. मी म्हणालो, "काका, थोडं मागं ठेवू. रस्ता बंद हाये, किती दिवस जाईन ठाऊक नाही." ते म्हणाले, "दुसरं पोतं हाये न. अन् ते संपलं तर देव हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका सगळ्यांना घेऊन भिंतीच्या आडोशाला उपासनेला बसले. बाहेर गोळ्या चालू होत्या आणि आत लोक गात होते. मी कोठारातून दुसरं पोतं काढलं. किल्ली लागली नाही, दाराला कडीच होती, दिवसा लादो कुलूप लावत नसे. ते पोतं मी माझ्या हत्यारांच्या खोलीत ओढत नेलं आणि तिथल्या मातीच्या जमिनीत खड्डा केला.

तुम्हाला पेव माहीत आहे. माझे आजोबा जानराव गावच्या पांढरीच्या मातीत पेव काढायचे आणि तुमच्या सासऱ्यांचं पेव त्यांच्याच शेजारी असायचं. काका आणि मी दोघंही लहानपणी त्यात उतरलेलो. तळाला राख, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग धान्य, वरून पुन्हा पाला आणि राख, फळी टाकून शेणमातीनं तोंड लिंपायचं. तिकडेही कडुनिंब भरपूर. मी घाईत होतो तरी माझ्या हातांनी सगळं रीतीनं केलं, त्याला मी तरी काय करू. वरून पंपाचे पाइप रचून ठेवले.

बाहेर आलो तर लादो दारात उभा. माझे हात कोपरापर्यंत माती आणि राखेनं भरलेले. त्यानं खोलीत एक नजर टाकली, मग डबा घेऊन माझ्या हातांवर पाणी घातलं. मला वाटलं, समजला, आणि गप्प राहील. तो गप्प राहिलाही.

त्याच दिवशी मिशनच्या सॅटेलाइट फोनवर अमोलचा संदेश आला होता, खायला काय आहे म्हणून. मला वाटलं, आम्ही मेलो तर निदान एका माणसाला ठाऊक असावं. मी लिहिलं, 'ज्वारी पुरली. प्रार्थना करा.' पुढे कुठे पुरली ते लिहिणार होतो, पण फोन मेला, आणि तो पुन्हा चालू झालाच नाही.

अमोल राजापेठेत वाढलेला पोरगा, त्यानं पेव कुठे पाहिलंय. त्यानं खायला काय आहे असं विचारलं होतं आणि उत्तर आलं ज्वारी पुरली. त्यानं जो अर्थ घेतला तो कोणीही घेतला असता. बायबलातल्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, तशी आमची ज्वारी सरली नाही, असं तुम्ही त्याच रात्री मंडळीत सांगितलं आणि लोक उभे राहून रडले. तिकडे त्यानंतर आमच्या आवारात काय झालं ते आता सांगतो.

चौथ्या दिवशी पहिलं पोतं झटकलं. काकांनी लादोला दुसरं आणायला पाठवलं. तो कोठारात गेला, रिकाम्या हातांनी परत आला, आणि काकांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. लोकांनी किल्ली त्याच्या गळ्यात पाहिली. एक बाई ओरडली. कोणीतरी त्याची झोपडी उपसली, तिथं मुलींसाठी ठेवलेली दोन मुठी ज्वारी निघाली. काकांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना दिली होती तीच ती, पण आता कोण ऐकतो.

त्यांनी त्याला आवाराच्या मधोमध आणलं. आधी हातांनी मारलं. मग विटांनी. मी पंपाचा सळा हातात घेऊन उभा होतो, सकाळपासून तो फाटकाला अडसर म्हणून लावायचं चाललं होतं. एका तरण्या गड्यानं, त्याचा भाऊ बाजारात मेला होता, येऊन तो सळा धरला. माझी पकड घट्ट होती. त्यानं ओढला नाही, काकू. नुसता धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी बोटं सोडली.

पहिल्या फटक्यात लादोचा गुडघा गेला, तो आवाज मला अजून येतो. तो खाली पडला आणि मग त्यानं मला पाहिलं. साठ लोकांत, त्यांच्या भाषेत त्याला ओरडता आलं असतं की ह्या परक्या माणसानं पोतं लपवलंय, खोली उघडून पाहा. एवढंच म्हणायचं होतं. तो ते म्हणाला नाही. तो म्हणाला, "भाऊ, सांग न."

आपल्या बोलीत म्हणाला. तिथं ती फक्त दोन माणसांना कळत होती. मला त्यानं मारेकऱ्यांच्या हाती दिलं नाही, माझ्या तोंडून निघायला जागा ठेवली. तीनदा म्हणाला. "भाऊ, सांग." तिसऱ्यांदा तोंडात रक्त होतं म्हणून नीट उमटलं नाही.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो सळा माझ्यावर वळला असता, हे मला पक्कं दिसत होतं. मला लघवी झाली होती, पण डोकं अगदी साफ चालत होतं. भ्यालो म्हणून सुचलं नाही असं म्हणायला मला तोंड नाही.

पण काकांनी ते शब्द ऐकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मग ते धावत गेले आणि लादोच्या अंगावर आडवे पडले. "अरे सोडा त्याले! मरून जाईन तो!" म्हणून वऱ्हाडीतच ओरडत होते, त्यांना दुसरी भाषा आठवत नव्हती. सळा खाली आला तो त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला. तुम्हाला मी गोळीबारात भिंत पडली असं सांगितलं. भिंत पडली नाही. माझ्या पेटीतल्या सळ्यानं ते झालं.

काका पडल्यावर लोक दचकून मागे सरले. मग त्यांना बाजूला उचलून ठेवलं आणि लादोला संपवलं. किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. पोनीला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. मोठी मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिनं शेवटपर्यंत मान वळवली नाही.

इथं थांबलो असतो तरी मी भित्रा ठरलो असतो, आणि भित्र्याला तुम्ही कदाचित जेवायला वाढलं असतं. पुढचं ऐका.

काकांना माझ्याच हत्यारांच्या खोलीत आणून निजवलं, जाड भिंती तिथंच होत्या. दोन दिवस कोणाच्या पोटात काही नव्हतं. पोरं रडायचीसुद्धा थांबली. मला एकट्याला काढून खाता येईना, कारण खोलीत सतत कोणी ना कोणी असे. हेही खरं कारण लिहितो, दयेचं लिहीत नाही. शेवटी मी पाइप हलवायचं निमित्त केलं, मातीवर पाय आपटला, आणि लोकांना हाका मारल्या. चौघांनी खणलं. फळी निघाली, राख उडाली, पोत्याचं तोंड दिसलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी एकच शब्द बोललो.

मी म्हणालो, "लादो."

त्यांना तेवढं पुरे झालं. एक बाई बाहेर जाऊन त्याच्या मातीवर थुंकली. पोनीला आणि दोन्ही मुलींना त्यांनी फाटकाबाहेर काढलं, चोराच्या माणसांना आवारात जागा नाही म्हणून. ती जाताना माझ्यापुढून गेली. धाकटी पाठीला बांधलेली, मोठीच्या हातात ॲल्युमिनियमची ताटली. बाहेर गोळ्या चालू होत्या. मी फाटकाला कडी घातली, मीच घातली, दुसरं कोणी जवळ नव्हतं.

त्यानंतर आम्ही ज्वारी शिजवून खाल्ली. मीही खाल्ली.

आता काकांचं. ते त्या खोलीत चटईवर पडून होते, डोळे उघडे. खड्ड्यातून वाळलेला कडुनिंबाचा पाला निघाला तो त्यांच्या चटईजवळ पडला. तिकडे दुरा जमिनीत कोणी पाल्यावर ठेवत नाही, टोपल्यांत उंचावर ठेवतात. राख, पाला, फळी, शेणमातीचं लिंपण. साऱ्या आफ्रिकेत तो खड्डा ओळखू शकणारी आम्ही दोनच माणसं होतो. काकांनी एक पान बोटांत धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि जखम झाल्यापासून पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "पुरली."

लोकांना वाटलं ताप आहे. मी त्यांच्या तोंडावर ओलं फडकं ठेवलं.

सातव्या दिवशी लष्कराच्या गाड्या आल्या. एप्रिलमध्ये नागपूरच्या विमानतळावर अमोल हार घेऊन उभा होता आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "दादा, ज्वारी पुरली!" मला आधी वाटलं त्याला सगळं कळलंय. माझा जीवच गेला. मग तो हसत होता, रडत होता, स्तुती करत होता, तेव्हा मला कळलं की हे लोक काय समजून बसलेत. तिथंच, हार गळ्यात असताना, एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो."

तेव्हापासून आठ महिने मी हो म्हणतोय. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं की डॉक्टर म्हणतात, डोक्याच्या माराने वाचा गेली की कधी कधी एखादाच शब्द उरतो, आणि आमच्या ह्यांचा उरला तोही देवाच्या कृपेचा. आल्या-गेल्याला ते 'पुरली, पुरली' म्हणतात आणि डोळ्यांना धार लागते, बायका त्यांच्या खाटेभोवती गीत म्हणतात. पत्रात तुम्ही असंही लिहिलं की भाकरी समोर आणली की ते तोंड फिरवतात, गिळायला त्रास होत असेल. भात मात्र गिळतात. काकू, ते साक्ष देत नाहीत. ते तुम्हाला सांगायचा प्रयत्न करताहेत. आठ महिने तो एकच शब्द घेऊन ते माझं नाव सांगताहेत आणि आपण सगळे त्यावर टाळ्या वाजवतोय.

आता मला शिव्या द्यायच्या त्या द्या. अमोलला वाचून दाखवा, म्हणजे तोही देईल. पण आधी त्या अकरा जणांना थांबवा. माझ्या ज्वारीवर विसंबून ती पोरं रिकाम्या हातांनी निघणार आहेत. ती ज्वारी सरली नाही ती कोणाच्या कृपेनं नाही, एका पोत्यासाठी एक माणूस मेला म्हणून सरली नाही. देव पुरवत नाही असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा मला अधिकार नाही. उलट आता रोज पडल्या पडल्या मला एकच वाटतं, त्यानं पुरवलं होतं. दोन पोती दिली होती, रस्ता सातव्या दिवशी उघडणार होता, ओंजळ-ओंजळ करून तेवढं भागलं असतं. पुरवणारा आपलं काम करत होता. मधे मी खड्डा केला.

चौदा तारखेच्या रविवारी मी येणार आहे. सकाळच्या पॅसेंजरनं निघेन. पत्रिकेत साक्षीची वेळ साडेदहा दिली आहे, त्या वेळेला उभा राहून मी हेच पत्र वाचेन. तुम्ही मला पायरी चढू दिली नाही तर फाटकाबाहेर उभा राहून वाचेन, पण वाचेन. सगळ्यांसमोर पहिलं नाव लादोचं घेईन आणि तो चोर नव्हता असं म्हणेन. मग मला तिकडे जायचं आहे, त्याच आवारात, त्यांच्या भाषेत हे वाक्य पाठ करून. पोनीचा पत्ता मिशनच्या माणसाला तीनदा विचारला, उत्तर नाही. ती भेटली तर तिला, नाही तर ज्यांनी ती ज्वारी खाल्ली त्यांना सांगेन. ते मला मारतील असं रागिणीला वाटेल. मलाही वाटतं.

आज श्यामकडे जाऊन आलो. त्याचं तोंड अजून सुजलेलं आहे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "भाऊजी, माझं काही चुकलं का? सांगा न." मी त्याच्या दारातल्या दगडावर बसून रडलो, अगदी पोरासारखा, आणि त्याच्या आईनं पाणी आणून दिलं.

तुमच्याकडे एकच मागतो. हे पत्र वाचून झालं की काकांजवळ जा. ते तो शब्द म्हणतील. या वेळी गीत म्हणू नका, रडू नका. उजव्या कानाशी वाका आणि म्हणा, "हो. पुरली होती. कुलदीपनं सांगितलं." मला वाटतं, त्यानंतर ते थांबतील. थांबले तर त्यांच्यापुढे माझ्यासाठी काही बोलू नका, त्यांना नुसतं पडू द्या, फार थकले असतील.

ज्वारी पुरणारा,
कुलदीप